जेवण सांगितले होते, जाणे झाले नाही

शनिवारी रात्री अकरा वाजता टी.व्ही. सेंटरच्या चौकातून आमची बस निघणार होती आणि संध्याकाळी साडेसहाला घाटीतून फोन आला. आमच्या सहलीतल्या तीन घरांची मिळून एकच मावशी. तिला अर्धांगवायूचा झटका आला होता. एकतीस जणांपैकी एकोणीस तिच्या रक्ताचे किंवा सोयरिकीचे. उरलेल्या बारांनी बस भरत नव्हती, आणि भरली असती तरी जाण्याचे मन कोणाचे होते?

दर रविवारी विहारात जमणाऱ्या चौदा घरांच्या भगिनींनी दहा महिने दरमहा तीनशे रुपये बाजूला टाकले होते. आयुष्यात एकदा तरी मुलाबाळांना घेऊन मनोरंजन उद्यानात जायचे, पाळण्यात बसायचे आणि दुपारी तेथल्या चांगल्या उपाहारगृहात टेबल-खुर्चीवर बसून जेवायचे, असा बेत होता. डबे न्यायची सोय नव्हती, कारण अशा उद्यानांत बाहेरचे खाणे बहुधा आत नेऊ देत नाहीत. म्हणून रविवारी दुपारी एक वाजता एकतीस थाळ्या सांगून ठेवल्या होत्या. थाळी चारशे रुपयांची, एकूण बारा हजार चारशे. त्यातले सहा हजार इसार म्हणून आधीच पाठवले होते. उद्यानाचे नाव मी सांगत नाही. थोड्याफार फरकाने सगळीकडे असेच चालते.

घाटीच्या व्हरांड्यात आम्ही दहा-बाराजणी उभ्या होतो. बसवाल्याला कळवले. त्याने आपली आगाऊ रक्कम ठेवून घेतली, त्यावर फार बोलणे झाले नाही. मग कोणीतरी म्हणाले, जेवणाचे काय? दुसरी म्हणाली, "जाऊ द्या ना. आपण गेलो नाही की त्यांना कळेलच. पैसे तर बुडालेच." खरे सांगायचे तर माझेही मत तेच होते. आत माणूस जगते की मरते अशी वेळ, आणि आपण थाळ्यांचा हिशेब करायचा, हे बरे दिसत नाही असे मला वाटले. शिवाय मनात एक भीतीही होती. आपल्यापैकी पुष्कळ बायकांना मोठ्या हॉटेलात फोन करायचे म्हटले की जीभ अडखळते. पलीकडून कोणी इंग्रजीत बोलले तर? चारचौघींत अपमान केला तर? त्यापेक्षा गप्प बसलेले बरे, असे वाटते.

आमच्यातल्या एका ताई सिडकोत पोळी-भाजी केंद्र चालवतात. त्या इतका वेळ गप्प होत्या. त्या एकदम म्हणाल्या, "द्या इकडं तो नंबर. आता सात वाजलेत. त्यांनी अजून पीठ मळलं नसंल."

त्यांनी तिथूनच फोन लावला. पलीकडच्या व्यवस्थापकाला आधी अडचण सांगितली, मग रडगाणे न लावता सरळ विचारले, "दादा, उद्याच्या एकतीस थाळ्यांचं तुमचं आत्तापर्यंत काय काय आलंय?" तो माणूस थोडा गांगरला असावा. असा प्रश्न त्याला गिऱ्हाईकाने बहुधा कधी विचारला नसेल. त्याने सांगितले की मिठाई आली आहे, छोले भिजत घातले आहेत आणि भाजीचा मसाला शिजून तयार आहे. पनीर, दही आणि पोळ्या उद्या सकाळी. ताई म्हणाल्या, "मग सकाळचं थांबवा. पनीरवाल्याला आत्ताच फोन करा. वाढपी पोरं जादा सांगितली असतील तर त्यांनाही कळवा."

पावतीच्या मागे बारीक अक्षरांत छापले होते की अठ्ठेचाळीस तासांच्या आत रद्द केल्यास काहीही परत मिळणार नाही. ते त्याने वाचून दाखवले. ताईंनी ते नाकारले नाही. "तुमचं नुकसान झालंय तेवढं घ्या. झालं नाही त्याचं कसं घेता?" एवढेच विचारले. दहा मिनिटांनी त्याचा परत फोन आला. तीन हजार त्याने ठेवले आणि तीन हजार पुढच्या तीन महिन्यांत कधीही आलो तर बिलातून वजा करण्याचे कबूल केले. तसे व्हॉट्सॲपवर लिहूनही पाठवले. ते ताईंनी मागून घेतले होते.

घरी येताना रिक्षात त्यांनी आपली एक गोष्ट सांगितली. एका शिकवणी वर्गाने त्यांच्याकडे चाळीस डबे सांगितले होते. सकाळी अकराला निरोप आला की आज मुले येणार नाहीत. तोवर भात झाला होता, वरण झाले होते, शेवटच्या पोळ्या तव्यावर होत्या. ते सगळे जेवण त्यांनी रिक्षात घालून घाटीच्या दाराशी नातेवाइकांना वाटून टाकले. "अन्न वाया गेलं नाही, पण त्या दिवशी पोळ्या लाटणाऱ्या दोघींची मजुरी मी कुठून दिली ते मलाच ठाऊक."

ज्यांनी कधी शंभर माणसांचा स्वयंपाक केला नाही, त्यांना वाटते की हॉटेलात आपण बसल्यावर भांडे चुलीवर चढते. तसे नसते. कडधान्ये आदल्या रात्री भिजतात. कांदा-टोमॅटोचा मसाला आदल्या दिवशी परतून गार करून ठेवतात. दूध, दही, पनीर पहाटे येते आणि ते दुसऱ्या दिवसावर ढकलता येत नाही. कणीक सकाळी मळतात. भात सर्वांत शेवटी, वाढण्याच्या तास-दीड तास आधी. एक किलो तांदळात दहा-बारा ताटे धरली तर आमच्या एकतीस जणांचा तीन किलो तांदूळ होतो. आदल्या रात्री फोन केला तर तो पोत्यातच राहतो. दुपारी बाराला केला तर तो पातेल्यात असतो, आणि शिजलेला भात उन्हाळ्यात संध्याकाळ काढत नाही. म्हणून "रद्द" हा शब्द एकच असला तरी संध्याकाळी सातचा रद्द आणि दुपारी बाराचा रद्द यांत पुष्कळ अंतर आहे.

उद्यानातल्या उपाहारगृहाची आणखी एक अडचण असते. आपल्या औरंगपुऱ्यात एखाद्या खाणावळीत टेबल रिकामे राहिले तर दहा मिनिटांत रस्त्यावरून दुसरे कोणी येते. उद्यानात मात्र सगळे लोक एकदमच भुकेजतात. साडेबारा ते अडीच एवढाच काय तो धंदा. त्या वेळात "राखीव" अशी पाटी ठेवलेली पाच टेबले रिकामी राहिली तर बाहेर लेकरे कडेवर घेऊन उभी असलेली माणसे ती पाटी पाहत राहतात. येणारे येणार नाहीत हे मालकाला ठाऊक नसते, म्हणून तो त्यांना बसवतही नाही. न कळवता गैरहजर राहणाऱ्याने हॉटेलवाल्याचे नुकसान केले, हे आपल्याला समजते. त्या उभ्या असलेल्या आईचेही केले, हे माझ्या तोवर लक्षात आले नव्हते.

महाराष्ट्रात असली उद्याने जुनी नाहीत. गोराईचे एस्सेलवर्ल्ड १९८९ साली आणि खोपोलीजवळचे इमॅजिका २०१३ साली सुरू झाले. आपल्याकडची बहुतेक गर्दी तिकीट काढून ऐन वेळी मिळेल तेथे खाणारी असते आणि टेबल आधी राखून ठेवणारे मोठे गटच असतात. ज्या अमेरिकेतून ही उद्यानांची रीत आली तेथे मात्र दोन माणसांचे टेबलही आधी राखावे लागते. फ्लोरिडातील वॉल्ट डिस्ने वर्ल्ड १९७१ साली उघडले. तेथील उपाहारगृहांत साठ दिवस आधीपासून जागा धरता येते आणि नावाजलेल्या ठिकाणच्या जागा हा हा म्हणता संपतात. झाले काय, की लोक एकाच दुपारसाठी दोन-तीन ठिकाणी टेबले धरून ठेवू लागले आणि मनात येईल तेथे जेवू लागले. बाकीची टेबले रिकामी. तेव्हा जागा धरताना कार्डाचा नंबर घेण्याची पद्धत आली आणि २०१३ पासून ती तेथील बहुतेक बसून जेवण्याच्या ठिकाणी लागू झाली. न कळवता आला नाहीत तर साधारणपणे माणशी दहा डॉलर कापले जातात. पूर्वी आदल्या दिवसापर्यंत कळवावे लागे. आता बहुतेक ठिकाणी दोन तास आधी कळवले तरी चालते. काही जेवणांचे पैसे मात्र आधीच पूर्ण भरावे लागतात.

आपली मुले-मुली आता नोकरीनिमित्त तिकडे आहेत आणि आईवडिलांना बोलावून असली ठिकाणे दाखवतात, म्हणून हे लिहिले. चौघांचे टेबल विसरून गेले तर चाळीस डॉलर गेले. मला ही पद्धत कठोर वाटत नाही. दोन तास आधी सांगा आणि एक पैसाही देऊ नका, असे ती म्हणते. आपल्याकडच्या छापील "काहीही परत मिळणार नाही" यापेक्षा ती न्याय्य आहे. कारण काहीच परत मिळणार नसेल तर माणूस फोन तरी कशाला करील? आम्हीही करणार नव्हतोच.

त्या छापील वाक्याला कायद्यात किती वजन आहे, हे मी नंतर एका वकील बंधूंकडून समजून घेतले. १८७२ च्या भारतीय करार कायद्याचे कलम ७४ असे सांगते की करार मोडल्याबद्दल रक्कम आधी ठरवलेली असली तरी मिळते ती वाजवी भरपाई, आणि तीही ठरलेल्या रकमेच्या मर्यादेत. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात "अनुचित करार" अशी व्याख्याच आहे. झालेल्या नुकसानीच्या मानाने अगदीच अवाजवी दंड लादणारी अट तिच्यात बसते. अशा कराराची तक्रार जिल्हा आयोगापुढे नव्हे, तर राज्य आयोगापुढे चालते, आणि राज्य आयोगाचे खंडपीठ आपल्या शहरात बसते. साध्या सल्ल्यासाठी १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक आहे. एक गंमत अशी की रद्द केल्याबद्दल जे शुल्क कापतात, त्यावरही मूळ सेवेच्या दराने वस्तू व सेवा कर लागतो, असे केंद्राच्या अर्थ मंत्रालयाने ऑगस्ट २०२२ च्या परिपत्रकात स्पष्ट केले. न खाल्लेल्या जेवणावरही कर!

पण तीन हजारांसाठी आयोगाची पायरी कोण चढणार? इसार देण्याच्या आधी चार शब्द विचारणे स्वस्त पडते. किती वाजेपर्यंत कळवले तर पैसे परत, तारीख बदलून मिळते का, आणि सगळ्यांत महत्त्वाचे म्हणजे माणसे कमी झाली तर काय. अख्खी सहल रद्द होणे विरळा. एकतीसचे पंचवीस होणे नेहमीचे. आणि त्या सहांबद्दल आपण कधीच कळवत नाही.

मावशीला चौथ्या दिवशी नीट बोलता येऊ लागले. उजवा हात अजून उचलत नव्हता. तिने विचारले, "टेबलाचं काय झालं?" आम्हाला आधी कळेचना. मग तिच्या लेकीने सांगितले. मावशी लहानपणी गावातल्या हॉटेलाबाहेर उभी राहून चहा प्यायलेली. आपल्या वस्तीतल्या माणसांची कपबशी वळचणीला वेगळी ठेवलेली असे, ती आपणच घ्यायची आणि पिऊन झाले की आपणच विसळून ठेवायची. राज्यघटनेच्या पंधराव्या कलमात सार्वजनिक उपाहारगृहे आणि करमणुकीची ठिकाणे ही दोन्ही नावे घालून तेथे जाताना जात आड येणार नाही, असे लिहिले आहे. पण वळचणीची ती कपबशी घटनेनंतरही पुष्कळ वर्षे गावोगाव होती. आमच्या मंडळाच्या नावाची पाटी टेबलावर ठेवणार आहेत, असे कोणीतरी तिला सांगितले होते. ते तिच्या डोक्यात बसले होते.

ताईंनी तिला सांगितले, "टेबल ठेवलंय आपलं. फक्त तारीख बदलली."

आम्ही फेब्रुवारीत गेलो, पण सतराच जण. परीक्षा जवळ आल्या होत्या, काहींचा उत्साह गेला होता, आणि मावशीच्या लेकीला तर घर सोडता येत नव्हते. आदल्या संध्याकाळी बरोबर सात वाजता ताईंनी पुन्हा फोन लावला. एका मुलीला ताप आला होता. "सतरा नाही दादा, सोळा."

पलीकडून तो व्यवस्थापक हसला. म्हणाला, "ताई, तुमचा नंबर दिसला की मी आधी पनीरची वही उघडतो."

सोळा थाळ्यांचे सहा हजार चारशे झाले. तीन हजार वजा होऊन तीन हजार चारशे भरले. टेबलावर पाटी होती. तिचा फोटो काढून मावशीला दाखवला तेव्हा तिने डोळ्यांजवळ नेऊन पाहिला आणि मंडळाच्या नावात एक वेलांटी चुकली आहे, असे सांगितले.