घड्याळाची हलणारी चावी

घड्याळ चालतें आहे, वेळही बरोबर दाखवितें आहे, मग त्याची चावी जराशी हलली तर बिघडलें कुठें, असें मलाही पुष्कळ दिवस वाटत असे. वडिलांचें घड्याळ माझ्याकडे आलें तेव्हां तिला हालचाल ठाऊक नव्हती. वडील रोज सकाळीं घड्याळ हातांत धरून चावी देत आणि मगच तें मनगटावर बांधीत. मी मात्र बांधलेल्या घड्याळालाच चावी देऊं लागलों. पांच-सहा वर्षांनीं ती डुगडुगूं लागली, आणि एके दिवशीं गाडी गांठण्याच्या घाईंत कांटे लावीत असतां दांडीसकट माझ्या बोटांत आली.

'चावी' हा शब्द मुळीं एका जुन्या रीतीची आठवण आहे. पूर्वीं खिशांतल्या घड्याळाला खरोखरीची निराळी किल्ली लावावी लागे. आद्रियँ फिलिप या फ्रेंच कारागिरानें किल्लीवांचून, कडेच्या बोंडानेंच कमान पिळण्याची व कांटे फिरविण्याची योजना केली आणि १८४४ सालच्या पॅरिस येथील प्रदर्शनांत ती मांडली. किल्ली गेली, तरी तिचें नांव आपल्या भाषेंत त्या बोंडाला चिकटून राहिलें.

बोंडाच्या पोटांत एक बारीक पोलादी दांडी आट्यांनीं बसविलेली असते. घड्याळाच्या डबीच्या कडेला असलेल्या नळींतून ती आंत जाते. आंत तिच्यावर दोन चिमुकलीं दातेरी चक्रें असतात. बोंड दाबलेलें असतां तीं एकमेकांना भिडतात व कमानीला पीळ बसतो. बोंड ओढलें कीं त्यांतलें एक चक्र सरकून कांट्यांच्या चक्रांशीं जुळतें. दांडीला एक खांच असते व तींत एका लहान पट्टीची खुंटी अडकलेली असते. या खुंटीमुळेंच ओढलेली दांडी बाहेर निसटत नाहीं.

किंचित् हालचाल हा दोष नव्हे. ओढलेलें बोंड अधिक हलतें, तेंही स्वाभाविकच आहे. कारण त्याचा आधार तेवढा कमी झालेला असतो. परीक्षा करावी ती बोंड पूर्ण आंत दाबून. तबकडीकडे नजर ठेवून तें हळूच बाजूला रेटावें. बोंडाबरोबर तबकडीही सरकली, तर चावी निर्दोष आहे. आंतलें यंत्रच डबींत ढिलें झालें आहे. त्याला जखडणारे स्क्रू आवळले कीं काम झालें. तबकडी स्थिर राहिली तर पुढें चलावें. कांटे उलटे फिरवितांना बोंड नुसतेंच फिरतें आणि कांटे जागचे हलत नाहींत, असें दिसल्यास दांडीवरचे आटे सैल झाले असें समजावें. बोंड आंत-बाहेर खेळत असेल आणि ओढतांना नेहमींचा 'टक्' लागत नसेल, तर खुंटीच्या पट्टीचा स्क्रू ढिला झालेला असतो. माझ्या घड्याळाचें दुखणें हेंच होतें. शिवाय माझ्या तिरप्या ओढण्यानें दांडीही वांकली होती.

येथें एक इशारा देणें अवश्य आहे. हा स्क्रू मागचें झांकण उघडल्यावर दिसतो व हात शिवशिवतात. तो आवळण्यास हरकत नाहीं. परंतु दांडी काढण्यासाठीं तो प्रमाणाबाहेर सैल केला, तर पुष्कळ घड्याळांत ती पट्टी तबकडीच्या बाजूला सुटून पडते. मग कांटे आणि तबकडी उतरविल्यावांचून ती पुन्हां बसत नाहीं. तसेंच निघालेली दांडी जोरानें आंत खुपसूं नये. तिचें टोंक चौकोनी चक्रछिद्रांत अलगद जावें लागतें. गेलें नाहीं तर तशीच कागदांत गुंडाळून घड्याळजीकडे न्यावी.

वरच्यांपैकीं कांहींच आढळलें नाहीं, तरीही बोंड चहूंकडे लडबडतें आहे, तेव्हां नळी झिजली किंवा आंतलें रबरी कडें वाळलें असें समजावें. घड्याळ चालत असतें म्हणून लोक याची हयगय करतात, आणि माझ्या मतें खरा धोका येथेंच आहे. आपल्या पावसाळ्यांत याच फटींतून दमट हवा शिरते. एखादे सकाळीं कांचेच्या आंतून धुकें दिसतें, दुपारीं विरतें, आणि आपण तें विसरतों. दांडी मात्र गंजूं लागलेली असते. गंजलेली दांडी मोडून तिचा तुकडा आंत अडकला म्हणजे साध्या कामाचें मोठें काम होतें. यंत्राच्या पट्टींतलें भोंकच झिजून लांबट झालें असेल, तर नुसती नवी दांडी घालून भागत नाहीं.

जुन्या घड्याळांच्या सुट्या भागांचा प्रश्न निराळाच. एच्. एम्. टी. नें १९६१ सालीं जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्यानें बंगळुरास घड्याळें बनविण्यास आरंभ केला व घरोघर तीं पोंचलीं. २०१६ सालीं केंद्र सरकारनें त्यांची घड्याळ-कंपनी बंद करण्याचा निर्णय घेतला. अशा घड्याळांची दांडी जुन्या सांठ्यांतून शोधावी लागते, आणि ती त्याच यंत्राची हवी. जाडींत केसभर फरक पडला तरी दुखणें परत येतें. म्हणून दुरुस्तीनंतर काढलेला भाग मागून घ्यावा.

माझ्या घड्याळाला दुसरी दांडी मिळण्यास दोन महिने लागले. बोंड मात्र वडिलांच्या वेळचेंच आहे. त्यावरच्या खांचा एका बाजूस झिजून गुळगुळीत झाल्या आहेत. घड्याळजी तें बदलूं म्हणत होता. मी नको म्हटलें, आणि आतां घड्याळ हातांत घेऊनच चावी देतों.