गडी, गुराखी की प्रियकर?

दोस्तांनो, समजा इंग्रजीच्या पुस्तकात तुम्हाला 'स्वेन' हा शब्द भेटला. स्पेलिंग एस, डब्ल्यू, ए, आय, एन. तुम्ही शब्दकोश उघडता. तिथं अर्थ दिसतात : खेडूत तरुण, मेंढपाळ, प्रियकर. आता यातला कुठला घ्यायचा? डोळे मिटून बोट ठेवलंत, तर फजिती होईल बरं का!

थॉमस ग्रे या कवीची एक प्रसिद्ध विलापिका आहे, १७५१ साली छापलेली. तिच्यातल्या 'स्वेन'चे केस पांढरे झालेत. तिथं 'प्रियकर' असा अर्थ लिहिलात, तर सगळा वर्ग हसेल. कारण तो आहे गावातला म्हातारा कष्टकरी. पण शेक्सपिअरच्या 'द टू जंटलमेन ऑफ व्हेरोना' या नाटकात सिल्व्हिया नावाच्या मुलीवर एक गाणं आहे. त्यातले 'स्वेन' म्हणजे तिच्यावर लट्टू झालेले तरुण! शब्द एकच, माणसं किती वेगळी!

असं कसं झालं? उत्तर युरोपातले व्हायकिंग लोक मुलाला किंवा हाताखालच्या पोऱ्याला अशाच एका शब्दानं ओळखत. १०१३ साली इंग्लंड जिंकणाऱ्या डेन्मार्कच्या राजाचं नावही तेच होतं, स्वेन! हे लोक इंग्लंडात राहिले, तसा त्यांचा शब्दही राहिला. आधी सरदाराचा पोऱ्या, मग शेतावरचा गडी, मग गुराखी. सोळाव्या शतकाच्या अखेरीस मेंढपाळांच्या प्रेमकविता लिहायची टूम निघाली. कवितेतला मेंढपाळ सदा प्रेमात पडलेला! मग 'स्वेन' म्हणजे प्रियकर, असंच होऊन बसलं.

जहाजावरचा पोऱ्या मात्र जहाजावरच राहिला. लिहायचं 'बोटस्वेन', म्हणायचं 'बोसन'. हा डेकवरच्या खलाशांचा मुकादम. आपल्याकडच्या खलाशांत त्याला 'सारंग' म्हणत.

आणि आपल्या 'गडी' शब्दाचं काय? शेतावरचा गडी नोकर असतो, कबड्डीतला गडी खेळाडू, आणि 'गडी मोठा हिकमती' म्हटलं की ते कौतुक! तुमची आजी यातला अर्थ चुटकीसरशी ओळखते. शब्दकोश न उघडता! कारण तिनं तो शब्द वाक्यांत ऐकलाय.

आज 'स्वेन' प्रियकराच्या अर्थानं वापरतात तो बहुधा जुन्या कवितेत किंवा थट्टेत. 'ताईला बघायला स्वेन आला' असं इंग्रजी निबंधात लिहिलंत, तर व्याकरण बरोबर असूनही वाचणारा हसेल.

म्हणून शब्दकोश जरूर उघडा, पण तिथंच थांबू नका. शब्द कुणाच्या तोंडी आहे, कुठल्या काळातला आहे, हे सारं वाक्याला विचारा. आणि आज रात्री जेवताना घरातल्यांना एक प्रश्न टाका : 'गडी' शब्दाचे अर्थ किती? बघा, कोण जास्त सांगतं ते!