खाज नसलेली खरूज

यंत्रमागांच्या भिवंडीत खरूज नवी नाही. एका खोलीत आठ-दहा कामगार राहतात. दिवसपाळीचा उठला की त्याच अंथरुणावर रात्रपाळीचा आडवा होतो. अशा सामान्य आजारावर वार्षिक अहवालात लेख कशासाठी, असे देणगीदारांस वाटणे स्वाभाविक आहे. परंतु एचआयव्हीबाधित व्यक्तीच्या अंगावर हीच खरूज इतके निराळे रूप घेऊ शकते की कुटुंबीयांस ती ओळखूच येत नाही.

खरजेचा किडा अर्ध्या मिलिमीटरहून लहान असतो. मादी कातडीच्या वरच्या थरात बीळ करून अंडी घालते. खाज सुटते ती चावण्यामुळे नव्हे, तर किडा, त्याची अंडी व विष्ठा यांना आपली प्रतिकारशक्ती जो विरोध करते त्यामुळे. म्हणूनच पहिल्या लागणीनंतर खाज सुरू होण्यास ४ ते ६ आठवडे लागतात; पुन्हा लागण झाल्यास मात्र ती काही दिवसांतच सुटते. या विरोधामुळे व खाजवण्यामुळे निरोगी माणसाच्या अंगावर साधारण १० ते १५च किडे राहतात.

एचआयव्हीमुळे प्रतिकाराचे नियोजन करणाऱ्या सीडी-४ पेशी घटतात. शरीर प्रतिपिंडे तयार करतेच, किंबहुना काही प्रकारची फार मोठ्या प्रमाणात करते; पण किडे आटोक्यात येत नाहीत. आम्हां हिशेबनिसांच्या भाषेत, मागणीपत्रे ढीगभर निघतात, वसुली शून्य. किड्यांची संख्या हजारांवर, कधी लाखांवर जाते. हात, डोके, नखांखाली जाड खपल्या धरतात, आणि खाज पुष्कळदा नाममात्र असते. १८४८ साली नॉर्वेत डॅनियलसन व बेक यांनी कुष्ठरुग्णांमध्ये हा प्रकार नोंदविला, म्हणून त्यास ‘नॉर्वेजियन खरूज’ म्हणतात. आजही खपल्या पाहून घरचे कुष्ठरोग समजतात, कोणी सोरायसिसचे मलम चोळत राहतो, आणि तोवर खोलीतील सर्वांना लागण झालेली असते.

उपचार आहेत. पर्मेथ्रिनचे मलम आणि आयव्हरमेक्टिनच्या गोळ्या डॉक्टरांनी ठरवून दिलेल्या दिवशी पुनःपुन्हा द्याव्या लागतात. एका मात्रेने भागत नाही. कपडे, अंथरूण-पांघरूण कढत पाण्यात धुवावे. एचआयव्हीची औषधे शासनाकडून एप्रिल २००४ पासून टप्प्याटप्प्याने मोफत मिळू लागली, आणि २०१७ पासून सीडी-४ चा आकडा काहीही असला तरी ती सुरू करता येतात. येथे एक सूचना आवर्जून करतो. प्रतिकारशक्ती सावरू लागली की काहींची खाज उलट वाढते. ‘औषध बाधले’ असे समजून गोळ्या बंद करू नयेत. रुग्णास डॉक्टरांकडे आणावे.

एका रुग्णाच्या नावे मलमाच्या इतक्या नळ्या का, असा प्रश्न हिशेब पाहताना पडेल. त्या खोलीतील प्रत्येकाला, खाज असो वा नसो, एकाच दिवशी मलम लावावे लागते. एकजण सुटला तरी किडा परत येतो. सोबत्यांना आम्ही केवळ खरजेविषयी सांगतो. रुग्णाची एचआयव्ही स्थिती त्याच्या संमतीवाचून उघड न करणे हे २०१७ च्या कायद्यानेही बंधनकारक आहे, आणि त्या नळ्यांच्या नोंदवहीतही ती लिहिली जात नाही.