बापाचं जनुक, एक पिढी उशिरा

या लेखमालेतला शिदोरीचा भाग वाचून शिरगावातल्या एका वाचकबाईंनी विचारलंय: आई अंड्यात आरएनए आणि प्रथिनांची शिदोरी आधीच भरून ठेवते हे पटलं, पण मग त्या सुरुवातीच्या काळात बापाची जनुकं करतात काय? याचं गोगलगाईइतकं चोख उत्तर मला तरी दुसऱ्या कुठल्या प्राण्यात सापडलेलं नाही. तिच्यावर एक अख्खा भाग लिहायचं कधीपासून मनात होतं.

पावसाळ्यात बदलापूरच्या आसपास एखाद्या डबक्यातलं पान उलटून पाहा. मागे बोटाच्या पेराएवढी पारदर्शक, बुळबुळीत पट्टी चिकटलेली दिसली, तर ती बहुधा गोगलगाईची अंडी. भिंग धरलंत तर आतले गर्भ आपापल्या कोशात संथपणे गरगरताना दिसतील. जवळच मोठी गोगलगाय सापडली की शंखाचं टोक वर आणि तोंड आपल्याकडे धरा. तोंड उजव्या हाताला आलं तर ती उजवी. लिम्निया जातीच्या गोगलगाई बहुतेक उजव्याच. क्वचित एखादी डावी निघते.

१९२३ साली इंग्लंडमध्ये बॉयकॉट आणि डायव्हर या संशोधकांनी अशा डाव्या-उजव्यांच्या संकराचे निकाल छापले. ते मेंडेलच्या साध्या हिशेबात बसेनात. त्याच वर्षी जनुकशास्त्रज्ञ स्टर्टेव्हंटने एका छोट्या टिपणात कोडं सोडवलं. उजवेपणाची प्रत प्रभावी आहे, पण जनुक बघायचं ते पिल्लाचं नव्हे, आईचं! (या गोगलगाई उभयलिंगी, आई म्हणजे जिने अंडी घातली ती.) आईकडे दोन्ही प्रती डाव्या असल्या, तर बापाकडे दोन्ही प्रती उजव्या असल्या तरी पिल्लं झाडून सगळी डावी. बापाची उजवी प्रत प्रत्येक पिल्लात शाबूत असते, तरी त्याच्या शंखावर तिचा काडीचा परिणाम होत नाही. हीच डावी पिल्लं मोठी होऊन अंडी घालतात, तेव्हा त्यांची पिल्लं मात्र सगळी उजवी. आजोबांचं देणं नातवंडांत उमटतं.

असं होतं, कारण वळण फार लवकर, आईच्या शिदोरीवरच सगळं चालू असताना ठरतं. चाराच्या आठ पेशी होताना वरच्या चार कुठल्या बाजूला सरकतात, त्यावर पुढचं सगळं अवलंबून. २००९ मध्ये जपानच्या रेइको कुरोदा यांच्या गटाने नेमक्या त्या वेळी काचेच्या बारीक कांडीने पेशी उलट्या बाजूला ढकलल्या. त्या गोगलगाई आरशातल्या प्रतिबिंबासारख्या उलट्या वाढल्या. त्यांची संतती मात्र मूळच्याच वळणाची झाली, कारण जनुकाला कुणी हात लावला नव्हता. ते जनुक २०१६ मध्ये हाती लागलं: पेशीच्या सांगाड्याचे तंतू बांधायला मदत करणाऱ्या फॉर्मिन प्रथिनाचं.

आता माणूस. परळच्या केईएममध्ये डॉ. इंदिरा हिंदुजांच्या प्रयत्नांतून ६ ऑगस्ट १९८६ रोजी टेस्ट ट्यूब बाळ जन्मलं, त्याला जमाना झाला. तरी काही जोडप्यांचे गर्भ प्रत्येक वेळी दोन-चार पेशींवरच थांबतात. आपला गर्भ स्वतःची जनुकं जोमाने वापरू लागतो तो साधारण तिसऱ्या दिवशी, चार ते आठ पेशींच्या सुमाराला. तोवर शिदोरीच. अशा जोडप्यांतल्या काही स्त्रियांमध्ये शिदोरीसाठी लागणाऱ्या ‘पीएडीआय६’ या जनुकाच्या दोन्ही प्रती बिघडलेल्या आढळल्या. नवऱ्याचे शुक्राणू उत्तम असले तरी इथे उपयोग होत नाही. त्याची चांगली प्रत कामाला लागायच्या आत गर्भ थांबलेला असतो. दात्या स्त्रीची अंडपेशी घेतली तर ही अडचण टळते. आणि ती स्त्री स्वतः जन्माला आली कशी? तिच्या आईकडे एक प्रत चांगली होती, म्हणून.