निवृत्तांच्या वसाहतीत घर घ्यावे काय?

पूर्वी आमच्या धान्यबाजारात दोन व्यापारी सायंकाळी दुकान वाढवून घराकडे निघाले, म्हणजे भावाची तेजी-मंदी, पाऊसपाणी आणि मुलामुलींची लग्ने यांपलीकडे गोष्ट जात नसे. अलीकडे त्यांत एका विषयाची भर पडली आहे. साठी उलटलेला गृहस्थ हळूच विचारतो, "काय शेठ, तुम्हीही तिकडे घर पाहिलेत म्हणे?" तिकडे म्हणजे गावाबाहेर, कोट, फाटक व पहारेकरी असलेल्या एखाद्या निवृत्तांच्या वसाहतीत. माहितीपत्रकात हिरवळ असते, तरणतलाव असतो, सामाईक भोजनगृह असते, बोलावताच येणारा डॉक्टर असतो. चित्र सुंदर असते यात शंका नाही. प्रश्न एवढाच, की आपल्यासारख्या श्रावक व्यापारी कुटुंबाने या मालाची पारख कशी करावी?

प्रथम एक गोष्ट सांगितली पाहिजे. उतारवयात संसारातून अंग काढून घेणे ही कल्पना आपल्याला कोणी बाहेरच्याने शिकवावयास नको. समंतभद्राचार्यांच्या रत्नकरंड श्रावकाचारात श्रावकाच्या अकरा प्रतिमा सांगितल्या आहेत. आठवी आरंभत्याग, म्हणजे नोकरी, शेती, व्यापार इत्यादी उद्योग सोडणे. नववी परिग्रहत्याग. दहावी अनुमतित्याग, म्हणजे घरच्या व्यवहारात सल्लासुद्धा न देणे. आपल्यापैकी कितीएक सज्जन आठवीवर पोहोचल्याचे सांगतात आणि हरभऱ्याचा भाव मात्र मुलाला दिवसातून तीनदा दूरध्वनी करून विचारतात. त्यांची दहावी प्रतिमा अद्याप पुष्कळ दूर आहे! असो. आपल्या इंदुरातच तुकोगंजात दिगंबर जैन उदासीन आश्रम आहे. उद्योगातून निवृत्त झालेल्या गृहस्थांनी एकत्र राहून स्वाध्याय व व्रतपालन करावे, हाच अशा आश्रमांचा हेतू. तेव्हा समवयस्कांची वस्ती नवी नाही. नवे आहे ते हे, की ती आता विकत मिळते.

ही विक्री आपल्या देशात गेल्या पंचवीस-तीस वर्षांतील होय. पुण्यात परांजपे यांनी 'अथश्री' नावाच्या ज्येष्ठांच्या वसाहती बांधल्या. नेरळला, माथेरानच्या पायथ्याशी, डिग्निटी फाउंडेशनची वसाहत आहे. राजस्थानात भिवाडीला व जयपूरला आशियाना कंपनीच्या वसाहती आहेत. आणि दक्षिणेत कोइम्बतूर तर या धंद्याची मोठी पेठच झाले आहे. कारण उघड आहे. मुले शिकली आणि पुणे, बंगळूर, अमेरिका येथे स्थिरावली. इंदुरात राहिले ते आईबाप आणि तीन मजली घर.

त्या घराविषयी भावनेने बोलण्यात अर्थ नाही. इतवारिया, मल्हारगंज, सीतलामाता बाजार येथील आपली घरे खाली दुकान, वर बिऱ्हाड अशी बांधलेली. जिना अरुंद, पायऱ्या उंच, संडास बहुधा दुसऱ्या टोकाला. चाळिशीत ज्या जिन्यावरून धान्याचे पोते पाठीवर चढविले, तोच जिना सत्तरीत गुडघ्यांचा वैरी होतो. रुग्णवाहिका गल्लीच्या तोंडाशी थांबते आणि रोग्यास खुर्चीवर बसवून खाली आणावे लागते. ज्यांच्या घरी असा प्रसंग गुदरला आहे, त्यांना रुंद दरवाजा आणि लिफ्ट यांची किंमत समजावून सांगावी लागत नाही.

दुसरे कारण आम्हांस त्याहून वजनदार वाटते, आणि पुरुषमंडळी त्याचा उल्लेख क्वचितच करतात. व्यापारी एक दिवस गादीवरून उठतो व निवृत्त होतो. गृहिणी चुलीपुढून कधी उठते? पंचाहत्तर वर्षांची माउलीसुद्धा सूर्यास्तापूर्वी सर्वांची ताटे झाली पाहिजेत म्हणून चार वाजल्यापासून उभी असते. आमच्या घरी या विषयाची बोलणी निघाली तेव्हा पहिला प्रश्न आला तो हा, की तिकडे पोळ्या कोण करते? तो प्रश्न तरणतलावापेक्षा शंभरपट मोलाचा होता. घरातील स्त्रीचा कौल घेतल्यावाचून या बाबतीत एक पाऊलही टाकू नये.

परंतु त्याच भोजनगृहात आपली खरी अडचण आहे. 'शुद्ध शाकाहारी' एवढी पाटी आपल्याला पुरत नाही. कांदा, लसूण, बटाटा यांचे काय? चौविहार पाळणाऱ्यास सूर्यास्तापूर्वी जेवण हवे, आणि इंदुरात डिसेंबरात पावणेसहाच्या सुमारास सूर्य मावळतो. बहुतेक सामाईक भोजनगृहांत तेव्हा कणीकही भिजलेली नसते. आयंबिलाचे, पारण्याचे, उकळलेल्या पाण्याचे काय? व्रती मंडळींना विहिरीचे गाळलेले पाणी लागते, आणि नव्या वसाहतीत कूपनलिका असते, विहीर नसते. या गोष्टी व्यवस्थापकास तोंडी विचारल्या तर उत्तर नेहमी "होऊन जाईल" असेच मिळते. आपण त्याच्या भोजनगृहात आठ दिवस जेवून पाहावे.

मंदिराचेही असेच. फाटकापासून जिनालय पायी किती अंतरावर आहे, हे मोजले पाहिजे. मोटार हाकणारा तरुण नसेल तर पाच मैलांवरचे मंदिर असून नसल्यासारखे. शिवाय साधु-साध्वींचा विहार पायी होतो. शहरात त्यांचा चातुर्मास झाला म्हणजे म्हाताऱ्या माणसास चार महिने प्रवचन, वैयावृत्त्य, आहारदान यांचा लाभ घरबसल्या मिळतो. पहारेकऱ्याच्या वहीत नोंद करून आत जावयाच्या वसाहतीत, जेथे श्रावकाची दोनच घरे आहेत, तेथे कोणता संघ वाट वाकडी करून येईल? दहा-वीस जैन कुटुंबे मिळून एके ठिकाणी गेली तर गोष्ट निराळी. तेव्हा गृहचैत्यालयही होऊ शकते आणि चौकाही लागू शकतो. एकट्याने जाणे व संगतीने जाणे यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे.

आता आजारपण. या वसाहतींत शुश्रूषेच्या पायऱ्या असतात. चालत्या-फिरत्या माणसाचा निवास हा एक प्रकार. स्नान, औषध, कपडे यांसाठी मदत लागणाऱ्याचा दुसरा. आणि स्मृतिभ्रंश झालेल्याचा तिसरा. पुष्कळ ठिकाणी पहिलाच असतो. म्हणजे आपण निरोगी आहोत तोवर आपले स्वागत, आणि अंथरुणास खिळलो की मुलांना तार! यास्तव 'आम्ही खाटेवर पडलो तर आम्हांस येथेच ठेवाल काय, आणि त्याचे किती घ्याल?' हे करार वाचताना प्रथम पाहावे. सत्तर वर्षांवरील सर्वांना, मिळकत कितीही असो, आयुष्मान भारत योजनेत वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत इस्पितळातील उपचाराचे संरक्षण २०२४ च्या ऑक्टोबरापासून मिळू लागले. त्याचे कार्ड अवश्य काढावे. परंतु ते इस्पितळातील खर्चासाठी आहे. घरी बसून उशाशी राहणाऱ्या परिचारिकेचा पगार त्यातून निघत नाही, आणि म्हातारपणाचा मोठा खर्च तोच असतो.

पैशाचा हिशेब मात्र आपल्या हातचा आहे. समजा, जुने घर विकून, नवे घेऊन ५० लाख शिल्लक उरले आणि ते शेकडा ७ व्याजाने ठेवले. वर्षाचे साडेतीन लाख, म्हणजे महिना सुमारे २९,००० आले. वसाहतीचा देखभाल व भोजनखर्च आज महिना २०,००० आहे आणि तो दरसाल शेकडा ८ ने वाढतो असे धरा. पाच वाढींनंतर तो २९,००० च्या पुढे गेला. नऊ वाढींनंतर ४०,०००. पंधरा वाढींनंतर ६३,००० च्या वर. व्याज मात्र तेथेच उभे आहे. सत्तराव्या वर्षी गेलेला मनुष्य पंचाहत्तराव्या वर्षापासून मुद्दल खाऊ लागतो. हे आकडे उदाहरणाचे आहेत. प्रत्येकाने आपले घालून पाहावे. देखभाल-आकार महिना ७,५०० रुपयांवर गेला की वस्तू व सेवा कराचा प्रश्न येतो, तोही धरावा.

घर कोणत्या हक्काने मिळते, हे तर पुष्कळांना ठाऊकच नसते. कोठे पक्के खरेदीखत होते. कोठे मोठी अनामत घेऊन भाडेपट्टा होतो आणि निघताना कपात करून रक्कम परत मिळते. कोठे केवळ हयातीपर्यंत राहण्याचा हक्क असतो, मागे काही उरत नाही. या तिसऱ्या प्रकारात पतीच्या पश्चात पत्नीचा हक्क आपोआप चालू राहतो की नवा करार करावा लागतो, हे शब्दांत लिहिलेले असले पाहिजे. खरेदीखत असले तरी राहणाऱ्याचे वय पंचावन्न किंवा साठ पाहिजे अशी अट असते. मग चाळिशीतला वारस तेथे राहू शकत नाही आणि गिऱ्हाईकही वृद्धांतूनच शोधावे लागते. ज्या मालाला गिऱ्हाईक थोडे, त्याचा भाव कोण ठरवितो हे व्यापाऱ्यास सांगावयास नको.

कायद्याचा आधार पूर्वीपेक्षा बरा आहे. २०१६ च्या स्थावर संपदा कायद्याने जाहिरात व विक्रीपूर्वी नोंदणी आवश्यक केली. मध्य प्रदेशाचे प्राधिकरण भोपाळास आहे. घेणाऱ्यांकडून आलेल्या पैशांपैकी शेकडा ७० वेगळ्या खात्यात ठेवावे लागतात, आणि लेखी करार नोंदविल्याशिवाय किमतीच्या शेकडा १० हून अधिक रक्कम घेता येत नाही. केंद्र सरकारने २०१९ मध्ये निवृत्तांच्या घरांसाठी आदर्श मार्गदर्शक तत्त्वे काढली. महाराष्ट्राच्या प्राधिकरणाने २०२४ मध्ये त्यापुढे जाऊन लिफ्ट, चाकाच्या खुर्चीस पुरेसा दरवाजा, उतरणी इत्यादी गोष्टी अशा प्रकल्पांवर बंधनकारक केल्या. आपण मध्य प्रदेशात घर घेतले तरी ती यादी हाती घेऊन घर पाहावयास जाण्यास हरकत नाही.

कायदा आहे म्हणून डोळे मिटावेत असे मात्र नाही. पुण्याजवळ मुळशी तालुक्यात लवासा नावाचे सुंदर डोंगरी नगर उठले. २०१० च्या नोव्हेंबरात केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने काम थांबविण्याचा आदेश दिला, आणि २०१८ मध्ये ती कंपनी दिवाळखोरीच्या न्यायप्रक्रियेत गेली. त्या नगरात ज्येष्ठांसाठीही वसाहत झालेली आहे. आपले घर कितीही चांगले असले, तरी भोवतालचे गाव दुसऱ्याच्या भांडवलावर उभे असते.

जुने घर विकण्यापूर्वी ते कोणाच्या नावे आहे हे पाहावे. आपल्यापैकी अनेकांची घरे अविभक्त कुटुंबाची आहेत. २००५ पासून कन्याही त्यात जन्मतः हक्कदार आहेत, आणि २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते निःसंदिग्ध केले. बहिणीच्या व मुलींच्या संमतीवाचून केलेला सौदा पुढे कोर्टात लोंबकळतो. कित्येक जण घर मुलाच्या नावे बक्षीस करून वसाहतीत जातात; त्यांनी सांभाळाची अट दस्तातच लिहावी. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यान्वये ती अट मोडल्यास दस्त रद्द होऊ शकतो. मध्य प्रदेशातील एका मातेचे असेच बक्षीसपत्र २०२५ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाने रद्द केले. अट लिहिलेली नसेल तर ती सिद्ध करता करता वर्षे जातात, आणि तेवढी वर्षे त्या वयात हाताशी नसतात.

पोत्यात परखी घालून वानगी काढल्याशिवाय आपण गव्हाचा एक कट्टाही घेत नाही. मग आयुष्याची शेवटची वस्ती छापील चित्रावरून का घ्यावी? आमचे मत असे, की ज्यांना जावेसे वाटते त्यांनी प्रथम तेथे चार महिने, शक्यतो चातुर्मासाचेच, भाड्याने राहावे. पावसात रस्ता कसा राहतो, रात्री दोन वाजता घंटा वाजविल्यावर कोण येते, पर्युषणात मंदिरास जाणे जमते काय, हे सर्व तेवढ्यात दिसून येते. त्या काळात जुन्या घरास कुलूप असावे, विक्रीची पाटी नसावी.

ज्यांना जावेसे वाटत नाही, परंतु जिना चढवत नाही, अशांची संख्या अधिक आहे. त्यांच्यासाठी आपल्या मंडळाने एक गोष्ट करता येईल. मंदिरांजवळच्या आपल्या धर्मशाळांतील तळमजल्याच्या खोल्या वर्षातून बराच काळ रिकाम्या असतात. त्यांतील काही रुंद दरवाजे, खोलीलगत स्नानगृह, भिंतीस धरावयाचे दांडे आणि एक परिचारिका एवढी सोय करून सत्तर वर्षांवरील सभासद दांपत्यांस वाजवी भाड्याने देता येतील. चौका तेथे आहेच, सूर्यास्ताची वेळही तेथे सर्वांना ठाऊक आहे. अशी एकटी राहणारी दांपत्ये आपल्यात किती, याची गल्लीवार यादी दिवाळीनंतरच्या दोन महिन्यांत चिटणीसांनी करवून घ्यावी आणि ती पुढील सर्वसाधारण सभेपुढे ठेवावी, अशी आमची सूचना आहे. यादीचे काम मल्हारगंजापुरते आम्ही पत्करतो.