थंडीतला शनिवार-रविवार: भरीत, गोधडी, पुस्तक आणि आजीची 40 सेकंदांची व्हॉइस नोट

(हे या भागाचं लिखित रूप आहे. बोलताना मध्ये मध्ये आलेले ‘अं’ आणि ‘म्हणजे कसं’ काढून टाकलेत. बाकी जवळपास जसं बोलले तसंच.)

मी आत्ता पांघरुणात बसून रेकॉर्ड करतेय. हातात गवती चहा आणि आलं घातलेला चहा आहे. त्यामुळे मध्येच फुर्रर्र असा आवाज आला तर समजून घ्या.

आजचा विषय बऱ्याच जणांनी सुचवला होता. थंडीतले दोन सुट्टीचे दिवस घरात मस्त कसे घालवायचे? काय खायचं, काय वाचायचं, काय करायचं? विषय सोपा वाटतो. पण खरं सांगू का, मागच्या हिवाळ्यात मला हे अजिबात जमलं नव्हतं. पुण्यात एकटी राहते. शनिवारी अकराला उठायचं, काहीतरी मागवायचं, अंथरुणातच फोन बघत पडायचं. डोकं वर केलं की बाहेर अंधार. रविवारी रात्री आदल्या शुक्रवारपेक्षा जास्त दमल्यासारखं वाटायचं. दोन दिवस आराम केला, मग हा थकवा आला कुठून?

यंदा थोडं वेगळं केलं. तेच सांगते, आणि सांगता सांगता त्यामागचं कारणही सांगते.

आधी थंडीचं गणित

डिसेंबरच्या 21-22 तारखेला आपल्याकडे वर्षातला सगळ्यात लहान दिवस असतो. पुण्यात तो साधारण 11 तासांचा. म्हणजे अकराला उठणाऱ्या माणसाच्या वाट्याला जेमतेम सात तास उजेड येतो. त्यातही खोलीचे पडदे बंद! सकाळच्या उन्हावर आपल्या शरीराचं घड्याळ लागतं. ते नाही मिळालं की दिवसभर जडपणा आणि रात्री झोप नाही. म्हणून माझा पहिला नियम: सुट्टी असली तरी आठ-साडेआठला चहाचा कप घेऊन उन्हात जायचं. गच्ची, गॅलरी, जिना, काहीही चालेल. फोन आत ठेवायचा. फक्त वीस मिनिटं.

आणखी एक गंमत. आपल्याकडे आकाश स्वच्छ असलं की रात्र जास्त गार होते. दिवसभर तापलेल्या जमिनीची उष्णता रात्री वर निघून जाते. ढग असले की ते ती अडवतात. म्हणून ढगाळ रात्री थंडी पळाल्यासारखी वाटते. माझं गाव जळगावकडचं. उन्हाळ्यात भाजून काढणारं म्हणून सगळ्यांना माहीत, पण डिसेंबर-जानेवारीत तिथला पारा कधी कधी 10 अंशांच्या खाली जातो. त्यामुळे थंडीतलं खाणं म्हटलं की माझ्या डोक्यात एकच गोष्ट येते.

शनिवार: भरीत

बरोबर ओळखलंत, भरीत. जळगावकडे भरताची वांगी वेगळी असतात. मोठी, हिरवट-पांढरी, बिया कमी. या वांग्याला भौगोलिक मानांकनही मिळालंय. थंडी पडली की शेतात भरीत पार्ट्या सुरू होतात. कापूस वेचून झाल्यावर उरलेल्या वाळक्या काड्या पेटवायच्या आणि त्या जाळावर वांगी भाजायची. मग लाकडी भांड्यात भाजलेली मिरची आणि लसणासोबत ठेचायची. त्यात कांद्याची पात, शेंगदाणे, कोथिंबीर. सोबत कळण्याची भाकरी किंवा पुरी. कळणा म्हणजे ज्वारी आणि उडीद एकत्र दळलेलं पीठ.

आता पुण्यातल्या फ्लॅटमध्ये कपाशीच्या काड्या कुठून आणणार? गॅसवर होतं. पुण्यात हिरवं वांगं नाही मिळालं तर मोठं जांभळं घ्या. हातात घेतल्यावर आकाराच्या मानाने हलकं वाटेल असं बघा, त्यात बिया कमी निघायची शक्यता जास्त. सुरीने तीन-चार ठिकाणी टोचा. नाहीतर आतली वाफ कोंडून वांगं फुटतं आणि शेगडी घासत बसावं लागतं. हे अनुभवाचे बोल आहेत. टोचलेल्या जागी लसणाची पाकळी खोचा, वरून तेलाचा हात लावा आणि मंद आचेवर फिरवत राहा. साल पूर्ण काळी झाली पाहिजे. मग लगेच सोलू नका. दहा मिनिटं झाकून ठेवा. आतल्या वाफेनं साल आपोआप सुटते. ज्यांच्याकडे फक्त इंडक्शन आहे त्यांनी जाड चकत्या तव्यावर झाकण ठेवून भाजा. धुराचा वास येणार नाही, पण पोट भरेल.

भाकरी बाजरीची. इथे बहुतेक जण घाबरतात. ‘माझी तुटते’, ‘माझी थापताच येत नाही’. तुमचा दोष नाही. गव्हात ग्लुटेन असतं, म्हणून कणीक ताणली तरी तुटत नाही. बाजरीत ते नाहीच. म्हणून पीठ कडकडीत गरम पाण्यात भिजवायचं. गरम पाण्यानं पिठातला स्टार्च थोडा शिजतो, चिकट होतो आणि तोच पीठ धरून ठेवतो. एका वेळी एकाच भाकरीचं पीठ घ्या आणि तळहाताने चांगलं रगडा. थापताना वरून तीळ लावले तर आणखी छान.

आणि बाजरीचं पीठ एकदम दोन किलो आणू नका. बाजरीत स्निग्धांश गहू-ज्वारीपेक्षा जास्त असतो. दळल्यावर तो लवकर खवट होतो आणि पीठ कडू लागतं. मी पहिल्यांदा महिन्याभराचं आणून ठेवलं होतं. कडू भाकरी खाल्ली आणि वाटलं, मलाच जमलं नाही. आईला फोन केला तर ती हसत म्हणाली, “अगं, तुझ्या हाताला काही झालं नाहीये. पीठ फेकून दे आणि ताजं आण.”

लक्षात ठेवा, या फोनकडे मी पुन्हा येणार आहे.

दुपार: गोधडी आणि पुस्तक

जेवण झालं की गोधडी. माझ्याकडे आजीने शिवलेली एक आहे, जुन्या सुती लुगड्यांची. आपल्याला वाटतं कापड ऊब देतं. खरं तर ऊब आपल्याच अंगाची असते. कापडाच्या थरांमध्ये अडकलेली हवा ती बाहेर जाऊ देत नाही. म्हणून एका जाड चादरीपेक्षा दोन-तीन पातळ थर जास्त ऊबदार लागतात. आणि गोधडी म्हणजे थरावर थरच की! नवी महागडी ब्लँकेट घ्यायच्या आधी घरातल्या दोन चादरी एकावर एक घेऊन बघा.

आता पुस्तकं. मोठी यादी देत नाही, कारण यादी आपण सेव्ह करतो आणि विसरतो. तीनच सांगते.

पहिलं, दुर्गा भागवतांचं ‘ऋतुचक्र’. 1956 मध्ये आलेलं. मराठी महिन्यांवरचे लेख आहेत. सलग वाचायचं नाही. मार्गशीर्ष चालू असेल तर फक्त मार्गशीर्ष वाचायचा, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी उन्हात उभं राहून आजूबाजूला ते दिसतंय का बघायचं.

दुसरं, प्रकाश नारायण संतांचं ‘वनवास’. आजी-आजोबांकडे राहणाऱ्या लंपन नावाच्या मुलाच्या गोष्टी. एका दुपारी एक गोष्ट. ज्यांचं लहानपण आजीजवळ गेलंय त्यांनी रुमाल जवळ ठेवा.

तिसरं, ‘बहिणाबाईंची गाणी’. बहिणाबाई चौधरी जळगावजवळच्या आसोद्याच्या. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं. शेतात, जात्यावर काम करताना त्या आपल्या बोलीत ओव्या, गाणी रचत. घरातल्यांनी त्यातली जमतील तेवढी उतरवून घेतली, म्हणून ती वाचली. बहिणाबाई गेल्या 3 डिसेंबर 1951 ला. त्यानंतर त्यांचे चिरंजीव, कवी सोपानदेव चौधरी यांनी ती गाणी आचार्य अत्र्यांना दाखवली आणि 1952 मध्ये पुस्तक आलं.

विचार करा. कुणी वही घेऊन बसलंच नसतं तर? आज त्या आपल्याला माहीतही नसत्या.

हे वाचलं आणि मी पुस्तक मिटून बसले. कारण मला एक गोष्ट आठवली.

रविवार: डिंकाचे लाडू

माझी आजी मागच्या पावसाळ्यात गेली. त्याच्या आदल्या थंडीत तिने मला एक व्हॉइस नोट पाठवली होती. तिच्याकडे साधा फोन होता, म्हणून आईच्या फोनवरून. मीच विचारलं होतं, ‘आजी, डिंकाचे लाडू कसे करतेस?’ नोट आली तेव्हा मी ऑफिसात होते. पहिली पाच सेकंद ऐकली, ‘नंतर ऐकते’ म्हटलं. ते नंतर आलंच नाही. मग फोनचं स्टोरेज भरलं, मी जुन्या ऑडिओ फायली उडवल्या. त्यात ती गेली.

यंदा लाडू करायचे ठरवले. आईला विचारलं तर तिलाही प्रमाण माहीत नाही. “त्या मुठीनेच घ्यायच्या गं सगळं,” म्हणाली. मग आम्ही दोघींनी मिळून अंदाज बांधला: 100 ग्रॅम डिंक, 250 ग्रॅम खारकेची पूड, 250 ग्रॅम सुक्या खोबऱ्याचा कीस, 300 ग्रॅम गूळ, लागेल तसं साधारण 250 ग्रॅम तूप, थोडी भाजलेली खसखस आणि जायफळ.

पहिल्या वेळी लाडू असे झाले की भिंतीवर मारले तर भिंत पडेल. गूळ जास्त वेळ शिजला होता. पाक कडक झाला की लाडू दगड होतात. गूळ नुसता विरघळला पाहिजे, बुडबुडे यायला लागले की गॅस बंद. आणि डिंक? तोही चुकला. डिंक म्हणजे झाडाचा वाळलेला चीक. त्यात थोडं पाणी अडकलेलं असतं. गरम तुपात पडला की त्या पाण्याची वाफ होते आणि खडा फुलतो. तूप नीट तापलेलं नसेल किंवा एकदम जास्त डिंक टाकला, तर तो आतून कच्चा राहतो आणि दाताला चिकटतो. म्हणून थोडा थोडा टाकायचा.

त्या रविवारी मी आईला कॉलवर सांगत होते की आजीची नोट माझ्याकडून गेली. मी रडतच होते. आई दोन मिनिटं गप्प. मग म्हणाली, “थांब. पाठवली माझ्या फोनवरून होती ना? मी काहीच काढत नाही फोनमधून. मला येतच नाही काढायला.”

नोट होती! 40 सेकंदांची. आजी त्यात सांगते की डिंक ज्वारीच्या लाहीसारखा फुलला पाहिजे, नाही फुलला तर घाई करू नको. मागे कोंबडा ओरडतोय. शेवटी विचारते, जेवलीस का.

मी ती किती वेळा ऐकली, सांगत नाही. आता तीन ठिकाणी सेव्ह करून ठेवलीय.

दुसऱ्या वेळचे लाडू जमले. आजीसारखे नाहीत, पण दात शाबूत राहिले.

छोटी सुखं, पटापट

ही माझी यादी: उन्हात बसून संत्रं सोलणं. पेरूला तिखट-मीठ. ओल्या हरभऱ्याचे घाटे सोलत गप्पा. आंघोळीआधी कोमट तेल. संध्याकाळी कुळथाचं गरम पिठलं आणि भात, पंधरा मिनिटांत तयार होतं आणि खोलीवर राहणाऱ्यांना सहज जमतं. कुणी मित्र रायगडकडचा असेल तर जानेवारीत त्याच्याशी गोड बोला. वालाच्या शेंगा, भांबुर्डीचा पाला आणि मडकं, म्हणजे पोपटी! सोलापूर, नगरकडे ओळख असेल तर ज्वारीचा हुरडा. आणि संक्रांतीच्या आदल्या दिवशी भोगीची भाजी चुकवू नका. गाजर, वांगी, पावटा, ओले हरभरे, बोरं, तीळ, या दिवसांत शेतात जे असतं ते सगळं एका कढईत.

तर मग फरक कशाने पडला?

मागच्या वर्षीही मी दोन दिवस घरातच होते, यंदाही घरातच. तेव्हा मी फक्त बघत होते. यंदा हात कशात तरी होते, आणि काहीतरी चुकलं की विचारायला एक माणूस होतं. आईला मी आधी दर रविवारी फोन करायचे तेव्हा ‘जेवलीस का, बरी आहेस का’, दोन मिनिटांत संपायचं. बाजरीच्या पिठाने आमचा फोन तासभर चालला. तिने मला पहिल्यांदाच सांगितलं की लग्नानंतर तिलाही भाकरी येत नव्हती आणि आजीने कुणाला कळू न देता तिला शिकवली.

माझा फोन तोच आहे. त्याच फोनने माझे शनिवार खाल्ले, आणि त्याच जातीच्या दुसऱ्या फोनने माझी आजी सांभाळून ठेवली.

म्हणून या आठवड्याचं काम. घरातल्या मोठ्या माणसाला फोन करा. एकच पदार्थ विचारा. रेकॉर्ड करतोय हे आधी सांगा, नाहीतर ओरडा बसेल. फाइलला नाव द्या आणि दोन ठिकाणी ठेवा. आणि कृपा करून, आली की लगेच पूर्ण ऐका.

चला, चहा गार झाला. पुढच्या भागात भेटू. तोपर्यंत कानटोपी घाला. हो, मोठे झालात तरी.