संगणक मिळाला, पण शिकवणे सुधारले का?



आदिवासी विद्यार्थी शिकतात त्या कॉलेजला संगणक भेट द्यावा, अशी इच्छा अनेक मंडळ्या बोलून दाखवतात. इच्छा चांगलीच आहे. पण त्याआधी एक प्रश्न विचारू या. प्राध्यापकाला संगणक चांगला येत असेल, तर तो चांगला शिकवतोच का?

पुण्य मिश्र आणि मॅथ्यू कोहलर या अमेरिकेतील दोन अभ्यासकांनी २००६ साली याविषयी एक उपयुक्त मांडणी केली. शिक्षकाला तीन प्रकारचे ज्ञान लागते : विषयाचे, शिकवण्याच्या पद्धतीचे आणि तंत्रज्ञानाचे. ही तिन्ही सुटी सुटी असून भागत नाही. ती एकमेकांत मिसळली, तरच वर्गात उपयोग होतो.

गडचिरोलीतून नागपूरला आलेल्या एखाद्या मुलीचा विचार करा. घरी माडिया, शाळेत मराठी आणि आता कॉलेजात विज्ञान इंग्रजीतून. प्राध्यापक पडद्यावर मजकुराने भरलेल्या स्लाइड दाखवतात आणि वाचत जातात. मुले मोबाइलवर फोटो काढून घेतात. संगणक वापरला गेला, पण त्या मुलीची अडचण होती तिथेच राहिली.

मग कोणते कौशल्य खरोखर कामाला येते? तीन साधी उदाहरणे पाहू.

पहिले, युनिकोड मराठी. जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेल्या नोट्स विद्यार्थ्याच्या मोबाइलवर अनेकदा अगम्य अक्षरांच्या रूपात उघडतात. त्याच नोट्स युनिकोडमध्ये असतील, तर बहुतेक फोनवर नीट वाचता येतात.

दुसरे, लहान ध्वनिफीत. अवघड संकल्पना सोप्या मराठीत पाच मिनिटांत सांगून व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवली, तर मूल ती एकदा उतरवून घेते आणि गावी रेंज नसली तरी पुन्हा पुन्हा ऐकते.

तिसरे, एक्सेल. समजा, चाळीस मुलांची दहा प्रश्नांची चाचणी घेतली. नुसते एकूण गुण लिहिले, तर कोण नापास एवढेच कळते. प्रत्येक प्रश्नाचे गुण वेगळे भरले, तर सातवा प्रश्न तीस जणांचा चुकला हे लगेच दिसते. मग दोष मुलांचा नसून तो भाग पुन्हा शिकवायला हवा, हे प्राध्यापकाच्या लक्षात येते.

यांपैकी कशालाही महागडे यंत्र लागत नाही. समोर कोण बसले आहे, याची जाण मात्र लागते.

सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतील रणजितसिंह डिसले यांना २०२० साली ग्लोबल टीचर प्राइझ मिळाले. पाठ्यपुस्तकात क्यूआर कोड घालून त्यांनी मुलांना कविता, गोष्टी आणि धडे ऐकण्या-पाहण्याची सोय केली. पण पुरस्काराच्या वेळी आणखी एक गोष्ट सांगितली गेली : आधी त्यांनी मुलांच्या घरची भाषा शिकून पुस्तके त्या भाषेत आणली होती. आधी भाषा आणि मग कोड, हा क्रम महत्त्वाचा. ते प्राथमिक शिक्षक असले, तरी हा धडा कॉलेजलाही लागू पडतो.

आपल्या नागपूरला तर हा क्रम नवा नाही. १८४५ साली येथे आलेल्या स्टीफन हिस्लॉप यांनी गोंडांची गाणी आणि शब्द परिश्रमपूर्वक टिपले. त्यांच्या मृत्यूनंतर, १८६६ साली, ते टिपण पुस्तकरूपाने आले. त्यांच्या नावाचे कॉलेज १८८३ मध्ये सुरू झाले. त्यांच्या हाती कागद आणि लेखणी होती, आपल्या हाती मोबाइल आहे. शिकणाऱ्याचे आधी ऐकून घ्यावे लागते, हे मात्र बदललेले नाही.

म्हणून संगणकासाठी देणगी देताना आणखी दोन प्रश्न जरूर विचारा. तो वापरायला शिक्षकांना कोण शिकवणार? आणि सहा महिन्यांनी मुलांना काय समजू लागले, हे कोण पाहणार? आपल्या मंडळीत निवृत्त शिक्षक आहेत, संगणकावर काम करणारे तरुण आहेत. त्यांनी महिन्यातला एक शनिवार एखाद्या प्राध्यापकासोबत बसून युनिकोड किंवा एक्सेल शिकवले, तर ती देणगीही यंत्राइतकीच मोलाची ठरेल.